खर्च नाकारणाऱ्या अध्यक्षाचे गाव : प्लायमाऊथ नॉच, व्हर्माँट

अमेरिकेच्या तिसाव्या राष्ट्राध्यक्षांचा शपथविधी ज्या खोलीत झाला, ती पुण्यातल्या जुन्या वाड्याच्या माजघराएवढी असेल. मधोमध टेबल, त्यावर रॉकेलचा दिवा, शेजारी बायबल आणि भिंतीलगत साध्या खुर्च्या, एवढेच तिथले सामान. २ ऑगस्ट १९२३ रोजी अध्यक्ष वॉरन हार्डिंग सॅन फ्रान्सिस्कोत वारले, तेव्हा उपाध्यक्ष कॅल्विन कूलिज सुटीसाठी वडिलांच्या या घरी आलेले होते. घरात वीज नव्हती आणि टेलिफोनही नव्हता, म्हणून ब्रिजवॉटरहून मोटार घेऊन माणसे निरोप सांगायला आली. वडील जॉन कूलिज जिन्यावरून मुलाला हाक मारत वर गेले. त्या हाकेतला कंप ऐकूनच काहीतरी गंभीर घडले आहे हे आपल्याला कळले, असे कूलिज यांनी नंतर लिहून ठेवले आहे. वडील नोटरी होते. पहाटे २ वाजून ४७ मिनिटांनी त्यांनीच दिव्याच्या उजेडात मुलाला शपथ दिली आणि नवे अध्यक्ष पुन्हा झोपायला गेले. मुलाला शपथ देता येते हे तुम्हाला कसे ठाऊक, असे पुढे कोणी विचारले तेव्हा, देता येत नाही हे मला ठाऊक नव्हते, असे त्या म्हाताऱ्या शेतकऱ्याने उत्तर दिले.

हे सगळे मी दाराशी उभा राहून ऐकत होतो, पण माझे मन गुंतले ते कथेच्या पुढच्या भागात. राज्याच्या नोटरीला संघराज्याच्या अधिकाऱ्याला शपथ देण्याचा अधिकार आहे काय, अशी शंका अ‍ॅटर्नी जनरलनी काढली आणि २१ ऑगस्टला वॉशिंग्टनच्या एका हॉटेलात, कोणालाही न कळवता, एका न्यायाधीशाकडून शपथ पुन्हा घेण्यात आली. मी ३२ वर्षे महाराष्ट्र शासनाच्या वित्त व लेखा सेवेत काढली, काही जिल्हा परिषदांच्या वित्त विभागात आणि काही स्थानिक निधी लेखापरीक्षेत. हा आक्षेप मीही काढला असता, आणि पूर्ततेचा दाखला नस्तीत, म्हणजे फाइलीत, लागल्याखेरीज अहवालातला आक्षेपाचा परिच्छेद वगळला नसता.

मुलगी आणि जावई बॉस्टनच्या पश्चिमेला राहतात. त्यांच्याकडून निघाल्यापासून सुमारे तीन तासांत आम्ही व्हर्माँट राज्यातल्या या खेड्यात पोहोचलो. वुडस्टॉक गाव मागे टाकल्यावर ब्रिजवॉटरच्या तिठ्यावरून १००-ए क्रमांकाचा रस्ता धरायचा, म्हणजे निरोप घेऊन मोटार आली ती हीच वाट. नॉच म्हणजे आपल्याकडची खिंड. डोंगराच्या कुशीत मोजकी लाकडी घरे, १८४० सालचे पांढरे चर्च, किराणा दुकान, धान्य आणि अवजारांचे कोठार, पनीरसारख्या पण मुरवलेल्या चीजचा जुना कारखाना आणि थोड्या अंतरावर दफनभूमी, एवढ्यात गाव संपते. विजेच्या तारा जमिनीखालून नेल्या आहेत, त्यामुळे डोळ्यांना टोचणारा एकही खांब नाही. गाव जपले आहे असे आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा नवा रंग दिलेला असतो. इथे मात्र घरातल्या वस्तूही कूलिज कुटुंबाच्याच आहेत, कारण कुटुंबाने घर सामानासकट राज्याच्या स्वाधीन केले. बिछान्यावर गोधडी आहे, ती कूलिज यांनी दहा वर्षांचे असताना स्वतः शिवलेली आहे. माझ्या पत्नीने तिचे तुकडे दुरूनच मोजायचा प्रयत्न केला आणि टाके सरळ आहेत, असा शेरा दिला. तिच्याकडून एवढी दाद मिळणे सोपे नाही.

या स्थळाचा कारभार व्हर्माँटचे राज्य सरकार पाहते आणि कूलिज यांच्या नावाची एक खासगी संस्था त्याला जोडीला आहे, जी विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्ती आणि वादविवाद स्पर्धा चालवते. सरकारने कमीत कमी कामे करावीत असे मानणाऱ्या माणसाचे घर सरकारी पैशाने राखले जाते, यातली गंमत माझ्या नातवाच्या आधी लक्षात आली. मात्र हे सरकार वॉशिंग्टनचे नसून राज्याचे आहे, आणि राज्याचे काम राज्याने करावे हेच कूलिज आयुष्यभर सांगत आले. हर्बर्ट हूव्हर यांच्यापासून पुढच्या अध्यक्षांची दफ्तरे राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ग्रंथालयांत आहेत, आणि १९५५ च्या कायद्याने अशा ग्रंथालयांची इमारत देणगीतून आणि देखभाल संघराज्याच्या खर्चाने अशी पद्धत घालून दिली. हूव्हर यांच्या लगेच आधीचे अध्यक्ष कूलिज. त्यांची कागदपत्रे मॅसॅच्युसेट्समधल्या नॉर्थॅम्प्टन गावच्या फोर्ब्स सार्वजनिक वाचनालयात आहेत, जिथे गावकरी रोज पुस्तके बदलायला येतात.

काही वर्षांपूर्वी मी कॅलिफोर्नियातल्या सिमी व्हॅलीचे रोनाल्ड रेगन संग्रहालय पाहिले होते. तिथे अध्यक्षांचे आख्खे बोइंग ७०७ विमान एका दालनात उभे केले आहे आणि ते पाहून माणूस दबून जातो. रेगन स्वतः कूलिज यांचे चाहते होते आणि १९८१ साली त्यांनी मंत्रिमंडळाच्या खोलीत कूलिज यांचे चित्र लावून घेतले. सध्याच्या संकटात सरकार हा उपाय नसून सरकार हीच अडचण आहे, हे त्यांचे शपथविधीचे वाक्य जगाला माहीत आहे. पण हिशेब तपासणाऱ्याला वाक्यापेक्षा ताळेबंद महत्त्वाचा वाटतो. रेगन यांच्या आठ वर्षांत अमेरिकेचे कर्ज जवळजवळ तिप्पट झाले, तर कूलिज यांच्या काळात ते सुमारे २,२३० कोटी डॉलरवरून सुमारे १,६९० कोटींवर आले. चित्र भिंतीवर लावणे सोपे असते.

कॉन्झर्व्हेटिव्ह या शब्दाला आपण पुराणमतवादी म्हणतो, पण या माणसापुरता तो शब्द मला अपुरा वाटतो. जुने ते सोने अशी त्यांची भूमिका नव्हती. सत्ता हातात असताना हात राखून वागावे, ही होती. अमेरिकेत अध्यक्षपदाबद्दल दोन मते फार पूर्वीपासून आहेत. थिओडोर रूझवेल्ट यांचे म्हणणे असे, की अध्यक्ष हा जनतेचा विश्वस्त आहे आणि राज्यघटनेने वा कायद्याने जे मना केलेले नाही ते सारे तो करू शकतो. त्यांचेच उत्तराधिकारी विल्यम टाफ्ट यांनी याच्या उलट मांडले, की जो अधिकार घटनेच्या किंवा कायद्याच्या कलमापर्यंत नेऊन दाखवता येत नाही, तो अध्यक्षाला नाहीच. कूलिज टाफ्ट यांच्या बाजूचे. आमच्या भाषेत सांगायचे तर पहिला पक्ष ‘मनाई कुठे आहे’ असे विचारतो आणि दुसरा ‘मंजुरी कुठे आहे’ असे. ज्याने सरकारी खर्चाची प्रमाणके, म्हणजे व्हाउचरे, तपासली आहेत त्याला यातला दुसरा प्रश्नच खरा वाटतो, हा माझा पूर्वग्रह मी मान्य करतो.

१९१० साली वडील व्हर्माँटच्या सिनेटमध्ये निवडून गेले तेव्हा मुलाने त्यांना पत्र लिहिले, की चांगली विधेयके मंजूर करण्यापेक्षा वाईट विधेयके पाडणे कितीतरी महत्त्वाचे आहे. चार वर्षांनी मॅसॅच्युसेट्सच्या सिनेटचे अध्यक्ष म्हणून बोलताना त्यांनी सहकाऱ्यांना कायदे करण्याची घाई न करण्याचा आणि झालेल्या कायद्यांपर्यंत पोहोचायला प्रशासनाला अवधी देण्याचा सल्ला दिला. अध्यक्ष म्हणून त्यांनी ५० विधेयके नाकारली, त्यांपैकी फक्त ४ काँग्रेसला, म्हणजे अमेरिकेच्या संसदेला, दोन-तृतीयांश बहुमताने पुन्हा मंजूर करता आली. १९२१ च्या कायद्याने अमेरिकेत प्रथमच संघराज्याचे एकत्रित अंदाजपत्रक करण्याची व्यवस्था झाली होती. त्यासाठी स्थापन झालेल्या कार्यालयाचे प्रमुख जनरल हर्बर्ट लॉर्ड यांच्याशी कूलिज नियमितपणे बसत आणि खर्चाच्या बाबी एकेक करून पाहत. लॉर्ड यांच्या काळात कारकुनाला एका वेळी एकच पेन्सिल मिळे आणि नवी हवी असेल तर उरलेला तुकडा परत द्यावा लागे, अशी गोष्ट सांगतात. लोक ती विनोद म्हणून सांगतात. मला त्यात विनोद दिसला नाही, कारण पेन्सिलीचा तुकडा मागणारा वरिष्ठ असला की त्या कार्यालयात मोठी चोरी करताना माणूस दहादा विचार करतो.

मार्चअखेर म्हणजे काय हे ज्यांनी पाहिले नाही त्यांना हे पटणार नाही. एका नगरपरिषदेत मी तपासणीला गेलो होतो. तिथे मार्चच्या शेवटच्या आठवड्यात चाळीस लोखंडी कपाटे खरेदी झाली होती, कारण निधी व्यपगत, म्हणजे न वापरल्यामुळे रद्द, होऊ द्यायचा नव्हता. कपाटे ठेवायला खोली नव्हती. जूनमध्ये मी गेलो तेव्हा ती मार्गिकेत एकावर एक रचलेली होती, प्लॅस्टिकचे आवरणसुद्धा निघाले नव्हते आणि सर्वांत खालच्या कपाटाचे दार दबून वाकले होते. निधी परत केला असता तर काय बिघडले असते, असे मी विचारले. पुढच्या वर्षी तेवढा मिळाला नसता, हे मुख्याधिकाऱ्यांचे उत्तर चुकीचे नव्हते आणि तेच मला अस्वस्थ करत राहिले. जी व्यवस्था वाचवणाऱ्याला शिक्षा करते, तिच्यात काटकसर वरूनच यावी लागते, आणि वर बसलेल्या माणसाला स्वतःच्या लोकप्रियतेतून ती किंमत मोजावी लागते. कूलिज यांनी ती मोजली. माजी सैनिकांना बोनस देणारे विधेयक त्यांनी निवडणुकीच्या वर्षात, १९२४ मध्ये, नाकारले, आणि त्यांच्याच पक्षाचे बहुमत असलेल्या काँग्रेसने त्यांचा नकार मोडून काढला. तरी ते नोव्हेंबरमध्ये मोठ्या मताधिक्याने निवडून आले.

त्यांच्या काळात प्रत्येक वर्षी शिल्लक राहिली. संघराज्याचा खर्च वर्षाला सुमारे ३०० कोटी डॉलरच्या आसपास थोपवून धरला गेला आणि अर्थमंत्री अँड्र्यू मेलन यांच्या साथीने करांचे दर उतरवले गेले. १९२१ साली प्राप्तिकराचा कमाल दर ७३ टक्के होता, तो १९२६ च्या कायद्याने २५ टक्क्यांवर आला. लोकांनी सरकारसाठी कमी आणि स्वतःसाठी जास्त राबावे, स्वातंत्र्याचा मुख्य अर्थ तोच आहे, असे ते म्हणत. आपल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९०२ साली कलकत्त्याच्या विधिमंडळात इंग्रजांच्या शिलकी अंदाजपत्रकावर केलेले भाषण मला इथे आठवले. दुष्काळाने लोक हैराण असताना वर्षानुवर्षे शिल्लक दाखवणे याचा अर्थ कर गरजेपेक्षा जास्त आहेत, असा त्यांचा रोख होता. दोघांची राजकारणे वेगळी होती, पण तिजोरीतला पैसा सरकारचा नसून कर भरणाऱ्याचा आहे, ही जाण दोघांत सारखीच दिसते.

लोकांना कूलिज यांचे एकच वाक्य माहीत असते, की अमेरिकेचा व्यवसाय म्हणजे व्यवसाय, आणि तेही मोडके. जानेवारी १९२५ मध्ये वृत्तपत्रांच्या संपादकांसमोर ते म्हणाले ते असे, की अमेरिकी जनतेचा मुख्य उद्योग उद्यम हा आहे. त्याच भाषणात या जनतेचा मुख्य आदर्श ध्येयवाद आहे हेही त्यांनी सांगितले होते, पण ते कोणी उद्धृत करत नाही. मात्र त्यांच्या विचारातली एक गाठ मला सुटली नाही. कर कमी असावेत असे म्हणणारा हा माणूस आयातीवरच्या जबर जकातीचा पुरस्कर्ता होता. कारखानदाराला जकातीची भिंत द्यायची आणि शेतमालाच्या भावाला आधार देणारे विधेयक मात्र १९२७ आणि १९२८ असे दोनदा परत पाठवायचे, यात शेतकऱ्याचा मुलगा कुठे गेला, असा प्रश्न विदर्भातल्या माझ्या कोणत्याही मित्राने विचारला असता. शासन भाव ठरवू लागले की उत्पादन वाढत जाते आणि ओझे पुन्हा करदात्यावर येते, हे त्यांचे कारण चुकीचे नाही. पण तोच न्याय कारखान्यांना लावला असता तर ते अधिक पटले असते.

सरकार लहान असावे म्हणजे दुबळे असावे, असा अर्थ त्यांनी कधी काढला नाही. सप्टेंबर १९१९ मध्ये बॉस्टनच्या पोलिसांनी संप केला, शहरात लुटालूट झाली आणि मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर असलेल्या कूलिज यांनी राज्याची सेना रस्त्यावर आणली. कामगार पुढारी सॅम्युएल गॉम्पर्स यांना त्यांनी तारेने कळवले, की सार्वजनिक सुरक्षिततेविरुद्ध संप करण्याचा अधिकार कोणालाही, कुठेही, कधीही नाही. या एका तारेने ते देशाला माहीत झाले. १९८१ साली संपावर गेलेल्या ११,००० हून अधिक हवाई वाहतूक नियंत्रकांना रेगन यांनी कामावरून काढले, ती याच धड्याची उजळणी होती. सरकारने थोडीच कामे अंगावर घ्यावीत, पण घेतलेल्या कामात हयगय करू नये, हा या विचाराचा दुसरा अर्धा भाग आहे आणि त्याचे नाव घेणारे पुष्कळ लोक तोच विसरतात.

आता नकाराच्या दुसऱ्या बाजूबद्दल. १९२७ च्या वसंतात मिसिसिपी नदीला महापूर आला, लाखो लोक बेघर झाले, आणि राज्यपालांनी वारंवार विनवूनही कूलिज तिकडे गेले नाहीत. त्यांनी व्यापारमंत्री हूव्हर यांना पाठवले. अध्यक्ष पुराच्या जागी गेला की तो दिलासा राहत नाही, वचन होते, आणि वचन दिले की खर्चाला अंत राहत नाही, असा त्यांचा हिशेब असावा. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये खुद्द व्हर्माँटमध्ये पूर आला, ८४ माणसे दगावली, १,२८५ पूल वाहून गेले, तरी ते इथेही लगेच आले नाहीत. मिसिसिपीसाठी जे केले नाही ते स्वतःच्या राज्यासाठी कसे करावे, ही सचोटी त्यात होती. ते आले दहा महिन्यांनी, सप्टेंबर १९२८ मध्ये, आगगाडीने राज्य पाहत गेले आणि बेनिंग्टनच्या स्थानकावर डब्याच्या मागच्या टोकाला उभे राहून व्हर्माँटवरच्या आपल्या प्रेमाबद्दल मोजकी वाक्ये बोलले. ते भाषण इथल्या लोकांना अजून पाठ असते. त्याच वर्षी मे महिन्यात त्यांना मिसिसिपीच्या पूरनियंत्रणासाठी ३२ कोटी ५० लाख डॉलरच्या कायद्यावर सहीही करावी लागली होती. नकाराला मर्यादा असते, हे त्या सहीत आहे.

मला ती मर्यादा फार उशिरा कळली. एका जिल्हा परिषदेत असताना वसतिगृहाच्या घोंगड्यांच्या खरेदीचे देयक मी परत पाठवले, कारण सोबत तीन दरपत्रके जोडलेली नव्हती. नियमाने मी पूर्ण बरोबर होतो. पूर्तता होऊन देयक पुन्हा माझ्या टेबलावर आले तेव्हा फेब्रुवारी संपत आला होता, आणि ते घेऊन आलेले गृहपाल एक शब्दही बोलले नाहीत. १९२७ च्या पुराबद्दल वाचताना मला पाण्यात उभी असलेली घरे दिसत नाहीत, त्या गृहपालांचा चेहरा दिसतो.

शपथेच्या खोलीच्या दाराशी माझी मुलगी बराच वेळ थांबली होती. तिने गेल्या वर्षी अमेरिकेचे नागरिकत्व घेतले, तेव्हा न्यायाधीशासमोर हात उंचावून तिनेही शपथ घेतली होती. ज्या वर्षी या खोलीत कूलिज यांनी शपथ घेतली, त्याच वर्षी फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात ठरवले होते, की भारतीय माणूस कायद्याच्या अर्थाने गोरा नाही, म्हणून त्याला नागरिक होता येणार नाही. आणि २६ मे १९२४ रोजी कूलिज यांनी स्थलांतराच्या ज्या कायद्यावर सही केली, त्याने युरोपच्या दक्षिण आणि पूर्व भागातल्या लोकांचे कोटे आवळले आणि आशियाचे दार जवळपास पूर्ण लावून घेतले. जपान्यांना वगळणारे कलम स्वतंत्र असते तर मी ते नाकारले असते, असे त्यांनी सही करताना सांगितले. पण अमेरिका अमेरिकीच राहिली पाहिजे, असे काँग्रेससमोर बोललेही तेच होते. ५० विधेयके नाकारणाऱ्या माणसाला हे एक नाकारता आले नाही. पुढच्याच आठवड्यात, २ जूनला, देशातल्या सर्व मूलनिवासींना नागरिकत्व देणाऱ्या कायद्यावरही त्यांचीच सही आहे, आणि दोन वर्षांनी फिलाडेल्फियात बोलताना, सर्व माणसे समान जन्मली आहेत हे अंतिम सत्य आहे, त्यापुढे जाण्याचा प्रश्नच येत नाही, असे त्यांनी ठासून सांगितले. भारतीयांना नागरिकत्व खुले व्हायला १९४६ साल उजाडावे लागले, आणि तेव्हाही नव्याने येऊ इच्छिणाऱ्यांसाठी कोटा होता तो वर्षाला १०० जणांचा. मुलगी एवढेच म्हणाली, “बाबा, त्या रात्री मी इथे असते तर मला साक्षीला उभे केले असते, पण शपथ दिली नसती.” जावयांना ते वाक्य कडू वाटले, मला नेमके वाटले.

किराणा दुकानाच्या वरचा दिवाणखाना मात्र कोणी चुकवू नये. गावाच्या नाचगाण्यासाठी बांधलेल्या या हॉलमध्ये १९२४ च्या उन्हाळ्यात अध्यक्षांचे कार्यालय थाटले होते. त्याच ऑगस्टमध्ये हेन्री फोर्ड, थॉमस एडिसन आणि हार्वे फायरस्टोन त्यांना भेटायला गावात आले, आणि कूलिज यांनी फोर्ड यांना भेट म्हणून दिली ती मेपलचा रस गोळा करायची घरातली जुनी लाकडी बादली. जगातल्या सर्वांत श्रीमंत माणसांपैकी एकाला पणजोबांच्या काळची बादली देणारा यजमान मला मनापासून आवडला. त्या उन्हाळ्यात मात्र घरावर सुतक होते. धाकटा मुलगा कॅल्विन, वय १६, व्हाइट हाऊसच्या मैदानावर मोजे न घालता टेनिस खेळला, पायाला फोड आला, त्यातून रक्तात विष भिनले आणि ७ जुलैला तो गेला. तो गेला तेव्हा अध्यक्षपदाची सत्ता आणि वैभव त्याच्याबरोबर गेले, असे बापाने लिहिले आहे.

दफनभूमी रस्त्यापलीकडच्या उतारावर आहे. गुडघे दुखत असतील तर काठी जवळ ठेवावी. कूलिज घराण्याच्या पिढ्या एका ओळीत आहेत आणि अध्यक्षांचा दगड इतरांएवढाच आहे. नाव, जन्म ४ जुलै १८७२, मृत्यू ५ जानेवारी १९३३, वर अध्यक्षपदाची मुद्रा. शेजारी तो मुलगा. या दगडासमोर मला २ ऑगस्ट १९२७ ची गोष्ट आठवली. साउथ डकोटातल्या रॅपिड सिटीत त्यांनी वार्ताहरांना रांगेने बोलावले आणि प्रत्येकाच्या हातात कागदाची चिठ्ठी ठेवली, की १९२८ साली अध्यक्षपदासाठी उभे राहणे मी पसंत करत नाही. स्पष्टीकरण नाही, प्रश्नोत्तरे नाहीत. पुढे त्यांनी कारण लिहिले, की मोठ्या पदावरच्या माणसाभोवती सतत स्तुती करणारे असतात आणि आपल्याबद्दलच्या भ्रमापासून त्याला वाचणे कठीण जाते. निवृत्तीनंतर ते नॉर्थॅम्प्टनच्या भाड्याच्या जोडघरात परतले. माजी अध्यक्षांना निवृत्तिवेतन १९५८ पासून मिळू लागले, म्हणजे यांना काहीच नव्हते. मार्च १९२९ मध्ये त्यांनी पद सोडले आणि त्याच ऑक्टोबरमध्ये शेअर बाजार कोसळला. त्याचा दोष त्यांच्या माथी किती मारायचा यावर अर्थशास्त्रज्ञ अजून भांडतात. माझ्या मते सट्टा चालू असताना त्यांनी बाळगलेले मौन, इतर ठिकाणी शोभले तसे तिथे शोभले नाही.

जाणाऱ्यांसाठी थोडी माहिती देतो. स्थळ मेअखेरपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत उघडे असते, त्यानंतर बर्फ पडायला लागते. पानगळीचे रंग पाहायचे असतील तर शेवटचे पंधरवडे गाठावेत, पण तेव्हा रस्त्यावर गर्दीही तेवढीच असते. सगळे नीट पाहायला चार तास हवेत. ४ जुलैला अध्यक्षांच्या जन्मदिनी गावातून थडग्यापर्यंत मिरवणूक जाते आणि पुष्पचक्र वाहिले जाते. वाटेत जेवायला आम्ही ज्या उपाहारगृहात थांबलो, त्याचे नाव लिहीत नाही, तिथे चार जणांच्या सँडविचला पाऊण तास लागला आणि देयकात बक्षिसीची रक्कम न विचारता मिळवलेली होती. ते देयक मी जावयांच्या हातातून घेऊन तपासले म्हणून मुलगी दिवसभर हसत होती. घरून डबा नेलात तर बरे.

चीजचा कारखाना अध्यक्षांच्या वडिलांनी शेजाऱ्यांबरोबर १८९० साली काढला होता. मध्यंतरी तो बंद पडला आणि अध्यक्षांचा थोरला मुलगा जॉन याने तो पुन्हा उभा केला. आज खासगी व्यावसायिक तिथे जुन्याच पद्धतीने, दाणेदार चक्क्याचे चीज करून वर मेणाचे कवच लावतात. जास्त मुरलेले चीज घ्यावे, त्याला किंचित तिखटपणा येतो आणि ते भाकरीबरोबर उत्तम लागते, हे घरी येऊन सिद्ध केले. दुकानात मॉक्सी नावाचे थंड पेय मिळते, जे कूलिज यांना आवडे असे सांगतात. ते एकोणिसाव्या शतकात औषध म्हणून सुरू झाले आणि त्यात जेन्शनचे मूळ असते, जे आपल्या काडेचिराइताच्याच कुळातले आहे. पहिला घोट गोड, आणि मग आजीने नाक दाबून पाजलेला काढा. नातवाने एक घोट घेऊन बाटली टेबलावर ठेवली आणि विचारले, “आजोबा, ही परत देता येते का?” मी बाटली उलटीपालटी करून पाहिली. परत करण्याची तरतूद नव्हती, तेव्हा ती मीच संपवली.